पहिला घास कुणाचा

मी तोंडाळ बाई. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी नाक मुरडायला नको. घरात सासू म्हणते, हिच्या पोटात तीळ भिजत नाही. खरंच आहे ते. मला काही झालं की ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला भाकरी गोड लागत नाही. देवानं माझ्यासारखीला नागापूरच्या एमआयडीसीत, वायरी जोडायच्या कंपनीत नेऊन बसवलं. तिथं लाइन चालू असताना तोंड उघडलं की सुपरवायझर मागं येऊन उभाच. म्हणजे सकाळपासून तोंड दाबून ठेवायचं आणि जेवायची सुट्टी झाली की धरणाचं दार उघडल्यासारखं बोलायचं.

आम्ही तिघी एका टेबलावर बसायचो. पत्र्याच्या शेडखालचं, नळाजवळचं टेबल. लाइनीत एकाच नावाच्या चौघी-चौघी असल्यामुळं सुपरवायझरनं गावाच्या नावानं हाका मारायची सवय लावली होती, ती आम्हीही उचलली. मी पारनेर. दुसरी तिसगाव. तिसरी नगर शहरातलीच, आमच्यात वयानं मोठी, मुसलमान. तिला सगळी कंपनी आपा म्हणायची. तिसगाव लग्न होऊन नागापूरला आलेली. नवरा टेम्पो चालवायचा, एकुलता एक पोरगा चाकणला कामाला लागलेला. सडपातळ, काळीसावळी, आणि हसायला लागली की आवाज न करता नुसती हलायची. शेजारच्या टेबलावरच्या बायांना वाटायचं, ही रडतीय.

खेळ तिनंच काढला. एकदा मी जेवायला बसल्या बसल्या कुरकुर सुरू केली की सकाळी नळाला पाणी आलं नाही, त्यात नणंद पाहुणी आलेली, त्यात रिक्षा चुकली. आपा मध्येच म्हणाली, "माझं ऐकशील तर तुझं विसरशील," आणि तिनं सुनेचं सुरू केलं. दोघींची जुंपली. कुणाचं जास्त वाईट यावर आम्ही चक्क भांडायला लागलो. तिसगावनं डब्यावर चमचा आपटला. म्हणाली, "थांबा गं बयांनो. एकेकीनं सांगा. जिचं सगळ्यात वाईट, तिचा तिन्ही डब्यांतला पहिला घास."

तेव्हापासून ते रोजचंच झालं. पहिला घास म्हणजे काही थोडकी गोष्ट नव्हती. आपाच्या डब्यात दालचा असला की त्यातली भोपळ्याची मऊ फोड पहिल्या घासवालीची. माझ्याकडं हुलग्याचे शेंगोळे असले की वरचे अख्खे तिचे. शिवाय एक नियम होता, तोही तिसगावचाच. सांगणारीला सल्ला द्यायचा नाही. "होईल गं बरं," "देव बघतोय," "तू असं का केलं न्हाईस," यातलं काही म्हणायचं नाही. फक्त "मंग?" म्हणायचं. तिचं म्हणणं होतं, "सल्ला द्यायला घरात हायेत की सगळे. इथं निसतं ऐकायचं."

तुम्हाला सांगते, नुसत्या "मंग?"मध्ये काय ताकद आहे ते मला त्या टेबलावर कळलं. रडत सुरू केलेली गोष्ट तिसऱ्या-चौथ्या "मंग?"ला आपोआप हसण्यावर यायची. आपाच्या सुनेनं रागानं माहेरी जायला बॅग भरली. मंग? आपानंही भरली बॅग, म्हणाली मी पण येते तुझ्या माहेरी. मंग? मंग दोघी रिक्षास्टँडपर्यंत गेल्या आणि आइस्क्रीम खाऊन परत आल्या. हसून हसून मुरकुंडी वळायची आमची. सुपरवायझर लांबून बघायचा, ह्यांना दुपारचं काय होतं म्हणून.

मग तिसगावचं पोट दुखायला लागलं.

आधी तिनंही ते खेळातच घेतलं. "काल डॉक्टरकडं गेलते, त्यानं माझं सोडून नवऱ्याचंच बीपी तपासलं." आम्ही हसलो, पहिला घास तिला दिला. पण ती घास घ्यायची आणि तोंडातल्या तोंडात घोळवत बसायची. मग सुट्ट्या पडायला लागल्या. मग एक दिवस नवऱ्याचा फोन आला की पोटात गाठ निघाली आणि ती चांगली नाही. ऑपरेशन झालं. त्यानंतर पुण्याच्या फेऱ्या झाल्या, केस गेले, आणि शेवटी डॉक्टरनं सांगितलं की आता घरीच सांभाळा. नवरा टेम्पोवर, घरात दिवसभर बघायला कुणी नाही, म्हणून आईनं तिला तिसगावला नेलं.

पहिल्यांदा आम्ही गेलो ते कंपनीतल्या आठ-दहा जणी मिळून. शहाळी घेऊन. खोलीत शिरताना सगळ्यांनी असं तोंड केलं की मला तिथंच एकेकीला चिमटा काढावासा वाटला. कुणी बोलेना. तिनंच विचारलं, "काय म्हणती लाइन?" तर एकजण म्हणाली, "आमचं काय घेऊन बसलीस बाई, तुझ्यापुढं आमचं दुःख ते काय." बाकीच्यांनी माना हलवल्या. आपा तर दारातच पदर तोंडाला लावून उभी. तिला आत पाऊल टाकवेना. तिसगाव सगळ्यांकडं बघत होती. हळूहळू तिचं तोंड बंद झालं.

निघताना तिनं माझा हात धरून ठेवला. बाकीच्या बाहेर गेल्यावर म्हणाली, "ए पारनेर, मला लई राग आलाय."

"कुणाचा?"

"समद्यांचा. मी आजारी पडले आन् ह्यांच्या तोंडाला कुलपं लागली. आई माझ्यासमोर बोलत न्हाई. नवरा भांडत न्हाई. काल मी त्याला मुद्दाम टोचून बोलले, तर म्हणतो, बरं. बरं! अगं ह्यानं जन्मात मला बरं म्हनलं न्हाई. मी काय आत्ताच मेले का?"

नियम होता म्हणून वाचले. म्हटलं, "मंग?"

ती इतकी खूश झाली! डोळ्यांत पाणी आलं तिच्या. म्हणाली, "मंग असं कर. तू येत जा. पर रडगाणं घेऊन येत जा. शहाळं नको, फळं नकोत. रिकाम्या तोंडानं आलीस तर दारातनं परत लावीन. आपण खेळायचं. फक्त माझं धरायचं न्हाई. माझं धरलं तर तुमी जन्मात जिंकायच्या न्हाईत."

तेव्हापासून माझ्या सुट्ट्या तिसगावच्या झाल्या. माळीवाड्याच्या स्टँडवरून बस धरायची, करंजीचा घाट चढायचा आणि रस्ताभर आठवड्याची संकटं घोळवत जायची. डबा बरोबर असायचाच. आपाला यायला जमायचं नाही. म्हणजे जमलं असतं, पण तिला तिसगावपुढं रडू आवरायचं नाही आणि रडायला तिथं बंदी होती. म्हणून आपा तिचं रडगाणं मोबाईलवर बोलून पाठवायची. मी ते तिसगावच्या उशाशी वाजवायचे. "ऐक गं तिसगाव, आज सुनेनं नवा कुकर आणला, आणि पहिल्याच दिवशी शिट्टी उडून थेट शेजारच्यांच्या गच्चीत. शेजारीण आली परत द्यायला, तर जेवूनच गेली." मध्येच आपाचा आवाज ओला व्हायचा. तिसगाव म्हणायची, "बंद कर, ती आता रडंल," आणि गालातल्या गालात हसायची. मग डबा उघडायचा आणि ती निकाल द्यायची: आज पहिला घास आपाचा, तिच्या वाटचा तू खा. किंवा: आज तुझा.

तिला स्वतःला खायला जमत नव्हतं. वाटीत पेज नाहीतर वरणाचं पाणी असायचं. माझ्याकडं बघत ती चमचा चमचा घ्यायची. तिची आई चुलीपाशी बसून हे सगळं ऐकायची आणि मला वाटायचं, म्हातारीला हे आवडत नसणार. मरणाच्या दारातली लेक, आणि ही बाई येऊन मिक्सरचं आणि नणंदेचं सांगतीय. पण ती कधी काही बोलली नाही.

माझा मात्र स्वभावच पालटला. घरात काही बिघडलं की मला चक्क बरं वाटायला लागलं. दूध उतू गेलं, झालं, सुट्टीचं काम झालं. नवऱ्याची गाडी पंक्चर झाली, हेही तिसगावला सांगता येईल. नवरा म्हणायचा, तुला हल्ली राग का येत नाही? त्याला काय सांगू. आणि एक आठवडा असा आला की काही म्हणजे काहीच झालं नाही. पाणी वेळेवर, गॅस भरलेला, सासू खुशीत, सुपरवायझर रजेवर. सुट्टीच्या दिवशी सकाळी माझ्या काळजात धस्स झालं. आता हिला सांगू काय? रिकाम्या तोंडानं जायचं कसं?

मग मी काय केलं, तर बसमध्ये कंडक्टरशी भांडण उकरून काढलं. कारण काहीही नव्हतं. त्यानं म्हटलं, मावशी जरा सरकून बसा. मी म्हटलं, मावशी कुणाला म्हणतोस? तुझ्या आईच्या वयाची दिसते का मी? तो बिचारा म्हणाला, बरं, ताई सरका. मी म्हटलं, आता ताई? आधी मावशी का म्हणालास? अख्खी बस ऐकत होती. तो चिडत नव्हता, मी सोडत नव्हते. शेवटी करंजीत तो वैतागून म्हणाला, बाई, एवढाच त्रास होत असेल तर उतरा. आणि मी रागाच्या भरात खरंच उतरले! गाडी गेली निघून. उन्हात डबा घेऊन मी उभी, एकही जीप थांबेना. शेवटी कांद्याच्या पिकअपमध्ये, गोण्यांवर बसून तिसगावला पोचले.

तिला हे सांगितलं तर ती अशी हलायला लागली, अशी हलायला लागली, की आई चुलीपासून धावत आली. ऑपरेशनच्या जागी कळ लागत होती आणि हसू थांबत नव्हतं. पोट धरून म्हणाली, "व्हय गं, निसतं मला सांगायला उतरलीस?" मी म्हटलं, न्हाई, लई राग आलता. म्हणाली, "खोटारडी." त्या दिवशी पहिला घास माझा होता, यात वादच नव्हता.

नंतर तिचं हसणं कमी होत गेलं. बोलणंही. मी सांगायचे, ती डोळे मिटून ऐकायची, आणि मध्ये ओठ हलवून "मंग?" म्हणायची. आवाज निघत नव्हता, पण म्हणायची जरूर.

शेवटच्या खेपेला मी गेले तेव्हा तिचा हात उशीवर पडला होता तो माझ्यानं ओळखवेना. इतका बारीक. दुपारची वेळ. आईनं पेजेची वाटी आणून ठेवली होती, तशीच होती. मी डबा काढला, शेंगोळे होते. नेहमीसारखी मांडी घातली आणि सुरू केलं.

"मिक्सर जळाला गं."

तिनं डोळे उघडले. "मंग?"

"मंग काय, धूर झाला. सासू ओरडली. पाट्यावर वाटण वाटावं लागलं."

"मंग?"

"मंग हात दुखले."

एरवी मिक्सरवर मी अर्धा तास बोलले असते. ती माझ्याकडं बघत राहिली. मग अगदी बारीक आवाजात म्हणाली, "हे आजचं न्हाई."

"आजचंच हाय. खरंच जळाला मिक्सर."

"जळाला आसंल. पर तुजं सगळ्यात वाईट ते न्हाई. खरं सांग. न्हाईतर जा."

चिडले मी. खरंच चिडले तिच्यावर. एवढं अंथरुणाला खिळून सुद्धा हिला माणसाचं आतलं काढून घ्यायचंय. म्हटलं, "तू चाललीस. हे वाईट हाय. ह्यापेक्षा वाईट माझ्याकडं काय न्हाई. झालं समाधान?"

चुलीपाशी आईचा हात थांबला. मला वाटलं, जीभ झडो माझी, हे मी काय बोलून बसले. तिच्या तोंडाकडं बघायचा धीर होत नव्हता.

"मंग?" ती म्हणाली.

मिक्सरला म्हणाली होती तसंच. एवढंसं कमी नाही, जास्त नाही.

आणि मग माझा बांध फुटला. रडायला बंदी होती तरी रडले. म्हटलं, मंग काय? मंग मी जेवायला बसणार आन् सांगणार कुणाला? आपा तर मी तोंड उघडायच्या आधीच रडती. तुझी जागा रिकामी दिसंल ती मी बघायची कशी? सुपरवायझर लाइनीत एखादीला तिसगाव म्हणून हाक मारंल, तवा मी काय करायचं? घरात दूध उतू गेलं तर ते घेऊन मी जायचं कुठं? तिनं प्रत्येक वेळी "मंग?" म्हटलं. एकदाही "रडू नको" म्हणाली नाही. मला सांगायचं होतं तेवढं सगळं सांगून होईपर्यंत ती "मंग?" म्हणत राहिली आणि शेवटी मी ओरडले, "मंग काय, डोंबल!"

ती हलायला लागली. अगदी थोडी. गोधडी हलली तेवढीच.

मग तिनं पेजेच्या वाटीत चमचा घातला. मी पुढं होणार तर तिनं मान हलवून नको म्हटलं. चमचा माझ्या तोंडापर्यंत आणायला तिला किती वेळ लागला, ते फक्त मला माहीत. "आज तुजा," ती म्हणाली, "पहिला." पेज अळणी होती आणि गार झालेली. मी गिळली. मग माझ्या डब्यातला एक शेंगोळा तिच्या ओठांना नुसता लावला. तिनं जिभेनं मीठ चाटलं.

आठवडा भरायच्या आत फोन आला. आम्ही लाइनीवर होतो. सुपरवायझर जवळ येऊन उभा राहिला आणि पहिल्यांदाच त्यानं आम्हाला ताई म्हटलं. आपा आणि मी आपाच्या घरी गेलो. रडत रडत पिठलं केलं, भाकरी थापल्या. आपा एकदाच बोलली. म्हणाली, "आता मी आत येणार. आता ती मला परत लावायला नाही." मयत झालेल्या घरात चूल पेटत नाही, बाहेरून कुणीतरी पिठलं-भाकरी आणायची आणि घरच्यांनी ती गिळायची. कडू घास म्हणतात त्याला. तो मान भावकीचा, सोयऱ्यांचा. आम्ही कोण? कुणीच नाही. पण रिकाम्या हातानं तिच्या घरी जायचं माझ्यानं झालं नाही.

पोचलो तेव्हा पुरुष मसणवट्यातून परतले होते. नवरा आणि पोरगा अंगणात पुरुषांत बसले होते. आत बायका दाटीनं. मध्ये तिची आई भिंतीला टेकून. पुढं ताट वाढलेलं, हात लावलेला नाही. एकजण म्हणत होती, "खा गं दोन घास, पोटात आधार नको का." दुसरी म्हणत होती, "सुटली बिचारी, तिला लई हाल हुते." तिसरी म्हणाली, "देवाच्या मनात असतं ते होतं." म्हातारी काहीतरी सांगायला तोंड उघडायची, "सकाळी तिनं," एवढं म्हणायची, की सगळ्या मिळून तिला गप्प करायच्या. नको बोलूस, त्रास होईल. उगी राहा. आठवू नकोस.

मी त्या बायांना ओलांडून पुढं गेले. कुणीतरी माझ्यावर खेकसलं. आपा माझ्या मागं, हातात डबा. मी म्हातारीच्या समोर मांडी घालून बसले. तिनं मला ओळखलं.

"सकाळी तिनं च्या मागितला," म्हातारी म्हणाली.

पुन्हा कुणीतरी श्‌ केलं. मी मागं वळून असं बघितलं की ती गप झाली.

"मंग?" मी म्हटलं.

म्हातारीची हनुवटी हलली. "मंग मी केला. आलं घालून. तिला आल्याचा लागायचा."

"मंग?"

"मंग कप घेऊन आले. तर म्हणली, ठिव. गार होऊ दी. आन् माझा पदर धरला."

"मंग?" हे आपा म्हणाली. रडत नव्हती. घट्ट तोंड करून म्हणाली.

"मंग च्या गार झाला," म्हातारी म्हणाली. "मी तिला उठवाय गेले."

तिथून पुढं ती सांगतच राहिली. लेक लहान असल्यापासूनचं, विहिरीवरचं, लग्नातलं, केस गेले तेव्हाचं. बायका एकेक करून गप्प झाल्या. आम्ही दोघी मध्ये मध्ये "मंग?" म्हणत होतो. खूप वेळानं म्हातारी थांबली आणि भिंतीवर डोकं टेकलं. आता तिच्याकडं सांगायला काही उरलं नव्हतं.

आपानं डबा उघडला. मी भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला आणि म्हातारीपुढं धरला.

"आज तुमचा पहिला, आई," मी म्हटलं.

म्हातारी चुलीपाशी बसून एवढे दिवस सगळं ऐकत होती. तिला काही समजावून सांगावं लागलं नाही. तिनं तोंड उघडलं आणि घास घेतला.